जुनी हार्ड डिस्क, नवा संगणक आणि मराठी मजकूर

४.१ प्रास्ताविक

क्षेत्रीय अभ्यासात भाषिक सामग्री कशी गोळा करावी, निवेदकाला प्रश्न कसे विचारावेत आणि उच्चार कसे नोंदवावेत, यांचा परिचय तुम्हाला मागील घटकात झाला आहे. प्रस्तुत घटकाचा विषय मात्र वरवर पाहता मराठीच्या अभ्यासक्रमाबाहेरचा वाटेल. जुन्या संगणकातील हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकात बसवली आणि तो संगणक सुरूच झाला नाही, तर काय करावे, असा हा विषय आहे. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हौशी संग्राहकांनी, शिक्षकांनी आणि संशोधकांनी जमवलेले बोलींचे व लोकगीतांचे पुष्कळ धन अशाच डिस्कांमध्ये पडून आहे. ते बाहेर काढण्याचे काम तंत्रज्ञाकडे सोपवले, तरी काय वाचवायचे आहे हे त्याला सांगावे लागते तुम्हालाच.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. समजा, त्यानंतरच्या काही वर्षांत मानोरा तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षकाने गावोगाव फिरून वऱ्हाडी म्हणी, जात्यावरच्या ओव्या आणि पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा स्त्रियांची गोरमाटी गीते टिपून घेतली. वही सांभाळणे कठीण म्हणून त्याने ती संगणकावर टंकलिखित केली. पुढे वह्यांना वाळवी लागली. गाणाऱ्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी आता हयात नाहीत. एके दिवशी विजेच्या चढउतारात संगणकाचा मुख्य फलक, म्हणजे मदरबोर्ड, जळाला. शिक्षकाच्या मुलीने डिस्क काढून स्वतःच्या नव्या संगणकात बसवली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटली आणि पुढे काही घडले नाही. दुकानदार म्हणाला, ‘डिस्क गेली, ताई. फॉरमॅट मारावी लागेल.’

या घटकाचा बराचसा भाग त्या दुकानदाराच्या दोन वाक्यांविषयी आहे. पहिले वाक्य अशा प्रसंगी बहुधा चुकीचे असते. दुसरे अमलात आणले, तर पहिले खरे होते.

४.२ ‘सुरू होणे’ या क्रियापदात काय दडले आहे?

‘संगणक सुरू होत नाही’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी निदानासाठी निरुपयोगी आहे. ‘सुरू होणे’ ही एक क्रिया नसून क्रियांची माळ आहे, आणि माळ कोणत्या मण्यापाशी तुटली, हे त्या वाक्यातून कळत नाही.

इंग्रजीत या माळेला ‘बूटिंग’ म्हणतात. हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’वरून आला. उंच बूट पायात चढवताना ओढण्यासाठी त्याच्या मागे चामड्याचा जो पट्टा असतो, तो बूटस्ट्रॅप. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला उचलणे, ही अशक्य गोष्टीसाठी वापरली जाणारी जुनी इंग्रजी प्रतिमा आहे. संगणकापुढची अडचण नेमकी तीच असते. डिस्कवरील कार्यक्रम वाचायचा, तर वाचणारा कार्यक्रम आधी हवा. आणि तोही कोठून तरी वाचावाच लागणार. यावरचा तोडगा असा की अगदी लहानसा कार्यक्रम मुख्य फलकावरील चिपमध्ये कायमचा ठेवून द्यायचा. तो थोडा मोठा कार्यक्रम उचलतो, तो आणखी मोठा उचलतो, आणि अखेरीस संपूर्ण कार्यप्रणाली उभी राहते.

हे टप्पे नीट समजून घ्या. वीज मिळताच चिपमधील कार्यक्रम जागा होतो. जुन्या संगणकांत त्याला ‘बायोस’ म्हणत. नव्या संगणकांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. तो स्मृती, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो. नंतर ठरलेल्या क्रमाने एकेका डिस्ककडे जाऊन ‘तुझ्याकडे सुरुवात करण्याजोगे काही आहे का?’ असे विचारतो. जुन्या पद्धतीत तो डिस्कचा अगदी पहिला कप्पा वाचतो. हा कप्पा केवळ ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइटांत छोटा कार्यक्रम, ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत ओळखीची खूण असते. हा छोटा कार्यक्रम तक्त्यातील ‘सक्रिय’ विभाग शोधून त्याच्या आरंभीचा कप्पा वाचतो. तेथून विंडोज एक्सपीमध्ये ‘एनटीएलडीआर’ ही फाइल आणि विंडोज ७ मध्ये ‘बूटएमजीआर’ ही फाइल उचलली जाते. मग कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत येतो, तो यंत्रभागांचे चालक, म्हणजे ड्रायव्हर, जागे करतो, आणि त्यानंतर आपल्याला ओळखीचा पडदा दिसतो.

एवढ्या लांब साखळीतील एकही दुवा निखळला, तरी परिणाम एकच दिसतो: संगणक सुरू होत नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘का’ नसून ‘कोठवर’ हा आहे.

४.३ संदेशाचा वक्ता कोण?

पडद्यावर उमटलेली इंग्रजी ओळ पाहून बहुतेक जण घाबरतात आणि वीज बंद करतात. तुम्ही तसे करू नका. ती ओळ शब्दशः, विरामचिन्हांसह, वहीत उतरवून घ्या. निवेदकाच्या तोंडचे वाक्य आपण जसे ‘साधारण असे म्हणाली’ म्हणून टिपत नाही, तसेच येथेही.

त्या वाक्यांची रचना पाहण्यासारखी असते. ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’, ‘बूटएमजीआर इज मिसिंग’ या सर्वांत कर्ता गाळलेला आहे. काहीतरी सापडले नाही, एवढेच सांगितले जाते. कोणाला सापडले नाही, ते सांगितले जात नाही. आपल्याला निदानासाठी हवा असतो तो नेमका हा गाळलेला वक्ता. कारण साखळीतील जो दुवा बोलतो आहे, तेथवर सारे सुरळीत झालेले असते.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ किंवा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ हे शब्द मुख्य फलकावरील चिपचे आहेत. डिस्कवरून अद्याप काहीच सुरू झालेले नाही. याचे कारण डिस्क दिसलीच नाही हेही असू शकते, किंवा ती दिसली पण तिच्यावरील जुनी व्यवस्था नव्या चिपला मान्य नाही, हेही असू शकते. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ आणि ‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’ हे संदेश मात्र डिस्कच्या पहिल्या कप्प्यातील त्या ४४६ बाइटांमधून येतात. याचा अर्थ डिस्क फिरते आहे आणि तिचा पहिला कप्पा वाचता आला आहे. म्हणजे ही एका अर्थी शुभवार्ताच आहे. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हे वाक्य त्याही पुढच्या टप्प्याचे, विभागाच्या आरंभीच्या कप्प्याचे आहे. येथे एक गमतीदार शक्यता ध्यानात ठेवा. एक्सपीवर तयार केलेल्या, पण केवळ मजकूर साठवण्यासाठी वापरलेल्या डिस्कवरून संगणक सुरू करू पाहिला, तरी हेच वाक्य उमटते. तिच्यावर ती फाइल कधी नव्हतीच. त्या वेळी बिघाड काहीच नसतो; संगणकाने चुकीच्या दारावर टकटक केलेली असते.

आणि निळा पडदा? त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे शब्द किंवा ‘७बी’ने संपणारा संकेतांक असेल, तर बोलणारा साक्षात विंडोजचा गाभा आहे. तो डिस्कवरून वाचला गेला, स्मृतीत आला, आणि स्वतः जागा झाल्यावर त्याला आपलीच डिस्क दिसेनाशी झाली! हा प्रकार डिस्क एका संगणकातून दुसऱ्यात नेल्यावर विशेष आढळतो. त्याचे कारण पुढील विभागात पाहू.

एखादा संदेश उमटण्याऐवजी डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्, टक्’ असा आवाज येत असेल, तर वरील सारे विवेचन बाजूला ठेवा. तो यांत्रिक बिघाड आहे. डिस्क तत्काळ बंद करावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्याने आत फिरणाऱ्या तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोका असतो. अशी डिस्क माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी. तिचे झाकण घरी उघडू नये आणि कोणाला उघडू देऊ नये.

४.४ दोन पिढ्यांतील विसंवाद

आपल्या उदाहरणातील डिस्क नव्या संगणकात का रुळली नाही? याची कारणे बहुधा तीन पातळ्यांवर असतात.

पहिली पातळी जोडणीची. साधारण २००५ पूर्वीच्या घरगुती डिस्कांना रुंद, चपटी पट्टी लागे. ही आयडीई जोडणी. तिला चाळीस टाचण्या असतात. नंतर अरुंद साटा जोडणी आली. नव्या मुख्य फलकांवर आयडीईची खोबण मिळत नाही. आयडीई डिस्कच्या मागे ‘जंपर’ नावाची चिमुकली टोपी असते. एका पट्टीवरील दोन डिस्कांपैकी मुख्य कोणती आणि दुय्यम कोणती, हे तिच्या जागेवरून ठरते. दोघींनाही ‘मुख्य’ केले, तर दोन्ही दिसेनाशा होऊ शकतात.

दुसरी पातळी चिपची. जुनी डिस्क बायोसच्या रिवाजाप्रमाणे तयार केलेली असते. यूईएफआय पहिल्या कप्प्यातील कार्यक्रमाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला डिस्कवर एक वेगळा लहान विभाग आणि त्यात ठरावीक फाइल हवी असते. काही फलकांच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ नावाचा पर्याय असतो. तो चालू करून ‘सिक्युअर बूट’ बंद केल्यास जुन्या रिवाजाची डिस्क स्वीकारली जाते. मात्र अलीकडच्या अनेक संगणकांत हा पर्यायच उरलेला नाही. सेटिंग बदलण्यापूर्वी मूळ स्थितीचे मोबाइलवर छायाचित्र घ्या. शिवाय नव्या संगणकाची स्वतःची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर अशा बदलानंतर तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती आधीच शोधून ठेवलेली बरी.

तिसरी पातळी चालकांची. साटा डिस्कशी बोलण्याचे दोन प्रकार आहेत: जुन्या आयडीईची नक्कल करणारा एक आणि ‘एएचसीआय’ नावाचा नवा दुसरा. विंडोज एक्सपीसोबत एएचसीआयचा चालक येतच नाही. विंडोज ७ मध्ये तो असतो. पण मूळ संगणकावर त्याची गरज पडली नसेल, तर तो सुरुवातीपासून चालू ठेवलेला नसतो. परिणामी नव्या फलकावर गाभा जागा होतो, डिस्कशी बोलू पाहतो, आणि दुभाषा नसल्याने अडतो. मघाचा निळा पडदा तो हाच. फलकाच्या सेटिंगमध्ये साटाचा प्रकार बदलून आयडीई करता आला, तर अनेकदा गाडे पुढे सरकते. विंडोज १० या बाबतीत अधिक समजूतदार आहे. बदललेले यंत्रभाग ते पुष्कळदा स्वतःहून जुळवून घेते.

येथे एक उपकथा सांगण्यासारखी आहे. जुन्या फलकावरील नाण्याएवढी बॅटरी संपली की फलक आपली सारी सेटिंगे विसरतो. साटाचा प्रकारही मूळ पदावर जातो. त्यामुळे डिस्क हलवलेली नसतानाही, त्याच जुन्या संगणकात, हाच निळा पडदा येऊ शकतो. उपाय काही रुपयांच्या बॅटरीचा आणि एका सेटिंगचा असतो. फॉरमॅटचा खचितच नव्हे. बॅटरी संपलेल्या संगणकाचे घड्याळही चुकते. म्हणून जुन्या फाइलींवर एखाद्या वर्षाची १ जानेवारी हीच तारीख सारखी दिसू लागली, तर ती सामग्री संकलनाची तारीख म्हणून प्रबंधात देऊ नका. मजकुरातील उल्लेखांवरून खरा काळ ठरवा. वाशीम येथे मिळालेला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट त्याच्या राजवटीच्या ३७ व्या वर्षाचा आहे. तेवढ्यावरून इसवी सन कळत नाही. तो अन्य पुराव्यांनीच ठरवावा लागतो. फाइलीच्या तारखेलाही हाच न्याय लावावा.

४.५ हेतू कोणता?

आतापर्यंतचे विवेचन वाचून तुम्ही जुनी डिस्क नव्या संगणकात सुरू करण्याच्या मागे लागला असाल, तर क्षणभर थांबा. आपल्याला जुने विंडोज उभे करायचे आहे काय? नाही. आपल्याला ओव्या हव्या आहेत. मजकूर मिळवण्यासाठी डिस्कवरून संगणक सुरू होणे आवश्यक नाही. ती केवळ वाचता आली पाहिजे. माझ्या मते या विषयातील निम्म्याहून अधिक नुकसान या दोन हेतूंची गल्लत केल्याने होते.

म्हणून सर्वांत सुरक्षित मार्ग असा. नवा संगणक त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून सुरू होऊ द्यावा. जुनी डिस्क आयडीई वा साटा यांना यूएसबीशी जोडणाऱ्या अडॅप्टरने बाहेरून लावावी. लॅपटॉपमधील लहान, अडीच इंची डिस्क बहुधा यूएसबीच्याच विजेवर चालते. डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. तो न दिल्यास ती फिरणारच नाही, आणि ‘डिस्क गेली’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल. साटा डिस्क संगणकाच्या आत बसवणार असाल, तर सुरुवातीच्या क्रमात नव्या डिस्कचे नाव वर आहे ना, ते पाहून घ्या.

डिस्क जोडल्यावर विंडोज कधी कधी विचारते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? उत्तर नकारार्थीच द्यायचे. डिस्क व्यवस्थापनाच्या खिडकीत ‘इनिशियलाइझ’ करण्याविषयी विचारणा झाली, तरीही नकारच. या प्रश्नांचा अर्थ ‘मला ही डिस्क वाचता येत नाही’ एवढाच असतो. कदाचित लिनक्सला ती वाचता येईल. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स याकामी फार उपयोगी पडते, कारण ते डिस्कवर काही न लिहिता ती पाहू शकते.

फाइली दिसल्या, पण उघडताना ‘प्रवेश नाकारला’ अशा अर्थाचा संदेश आला, तर तो बिघाड समजू नये. जुन्या संगणकावरील वापरकर्त्याच्या नावे ते फोल्डर होते आणि नव्या संगणकाला तो वापरकर्ता ठाऊक नाही. प्रशासकाच्या खात्यातून मालकी आपल्याकडे घेता येते.

शोधायचे कोठे? आपल्याकडे एक समज फार रूढ आहे: ‘महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हमध्ये आहे, सी उडाला तरी चालेल.’ प्रत्यक्षात ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि पडद्यावर दिसणारे ‘डेस्कटॉप’ ही दोन्ही ठिकाणे सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. एक्सपीमध्ये ती ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात आणि विंडोज ७ मध्ये ‘यूजर्स’ या फोल्डरात सापडतील. जुन्या डिस्कवर नवे विंडोज ‘टाकून’ देणारा तंत्रज्ञ नेमका हाच विभाग पुसतो. मग डी ड्राइव्हमधील लग्नाची छायाचित्रे वाचतात आणि डेस्कटॉपवर ठेवलेला ओव्यांचा संग्रह जातो.

सर्व काही आधी दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावे. दुरुस्तीचा विचार त्यानंतर करावा. ‘चेकडिस्क’सारखे दुरुस्तीचे कार्यक्रम मूळ डिस्कवर लिहितात. कुरकुरणाऱ्या डिस्कवर ते चालवणे म्हणजे जीर्ण पोथीची पाने शाबूत आहेत का हे पाहण्यासाठी ती झटकणे होय. कारंजा येथील जैन भांडारांतील अपभ्रंश ग्रंथांच्या पोथ्यांवरून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हिरालाल जैन यांनी संपादने सिद्ध केली. पोथीची नक्कल आधी, पाठचिकित्सा नंतर, हा क्रम त्या परंपरेला ठाऊक होता. तोच येथे पाळायचा आहे.

४.६ फाइल उघडली, मजकूर वाचता येईना

आता मुलीच्या हाती ‘ओव्या’ नावाची फाइल लागली आहे. ती उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि कधी न पाहिलेल्या चिन्हांची खिचडी दिसते. दुकानदार आता म्हणेल, ‘फाइल करप्ट झाली.’ याही निदानावर सहज विश्वास ठेवू नका.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग होता. त्याच वर्षी भारतात ‘इस्की’ हे मानकही निघाले. परंतु वाशीमसारख्या ठिकाणच्या टंकलेखन केंद्रांत आणि छापखान्यांत त्यानंतर कितीतरी वर्षे श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम, कृतिदेव अशा संचांवर काम चाले. त्यांतील बहुतेक फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाला वाटे की आपण रोमन अक्षरांचे संकेतांक साठवत आहोत. फॉन्ट त्या संकेतांकांच्या जागी देवनागरी आकृत्या दाखवी. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एका संचातील मजकूर दुसऱ्या संचात निरर्थक दिसतो. अशी फाइल म्हणजे सांकेतिक लिपीतील पत्र आणि फॉन्ट म्हणजे त्याची किल्ली.

सुदैवाने किल्ली बहुधा त्याच डिस्कवर असते. जुन्या सी ड्राइव्हमधील ‘विंडोज’ फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर आहे. ते संपूर्ण उतरवून घ्या. केवळ दस्तऐवज वाचवून डिस्क टाकून देणारे लोक पत्र ठेवतात आणि किल्ली भंगारात घालतात. काही संच ‘डोंगल’ नावाच्या लहानशा यंत्रकुलपाशिवाय चालत नसत. मजकूर नुसता पाहण्यासाठी सहसा फॉन्ट पुरतो. तरीही जुन्या संगणकाच्या मागे असा ठोकळा लावलेला दिसला, तर तो जपून ठेवा. मजकूर पेजमेकरमध्ये जुळवलेला असेल, तर अडचण दुहेरी होते, कारण त्या फाइली आजच्या इनडिझाइनमध्ये सरळ उघडत नाहीत. अशा वेळी जुनी कार्यप्रणाली खरोखरच पुन्हा चालवणे सोयीचे ठरते. मात्र मूळ डिस्कवर नव्हे, तर तिच्या नकलेवर.

ही आपत्ती केवळ आपल्यावरच आली असे नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९८६ साली ‘डूम्सडे प्रकल्प’ राबवून देशाचे सामाजिक चित्र लेझर तबकड्यांवर साठवले. पंधरा-सोळा वर्षांतच त्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती माहिती सोडवण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. ज्या ग्रंथावरून प्रकल्पाला नाव दिले, तो १०८६ चा मूळ डूम्सडे ग्रंथ मात्र आजही वाचता येतो.

४.७ रूपांतर आणि बोली

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक उपलब्ध आहेत. ते कोठे चुकतात, हे समजण्यासाठी तुमचे वर्णविचाराचे ज्ञान कामी येईल.

जुने फॉन्ट डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने अक्षरे साठवतात. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी दिसते ‘क’च्या आधी, पण उच्चारली जाते ‘क’नंतर. म्हणून जुन्या मजकुरात वेलांटी आधी आणि युनिकोडमध्ये ‘क’ आधी असतो. ‘सूर्य’ या शब्दात नेमके उलट घडते. रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, सर्वांत शेवटी, उच्चारात ‘र्’ येतो ‘य’च्या आधी. रूपांतरकाला ही उलटापालट प्रत्येक शब्दात करावी लागते, आणि जोडाक्षर मोठे असेल तर तो गडबडतो. मराठीत आणखी एक पेच आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील ‘र’ वेगळा. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेला रूपांतरक हा भेद पुसून टाकू शकतो, आणि मग सत्कार गुरूंचा झाला की स्वयंपाक्यांचा, ते कळत नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी धाटणीची दिसू लागली, तर मात्र चिंता नको. तो केवळ फॉन्टचा प्रश्न आहे. साठवलेले अक्षर तेच असते.

यापेक्षा मोठा धोका शुद्धलेखन तपासणाऱ्या कार्यक्रमाचा. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. संग्राहकाने कानाला ऐकू आले तसे ‘डोया’ लिहिले असेल, तर तो पुरावा आहे. आपोआप सुधारणा करणाऱ्या कार्यक्रमाने त्याचा ‘डोळा’ केला, तर ओवी वाचायला सुबक होईल आणि भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने मरेल. गोरमाटी गीतांची स्थिती याहून नाजूक. ती देवनागरीत लिहिली असली, तरी भाषा मराठी नाही. मराठीच्या शब्दकोशाला तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द चूकच वाटेल. म्हणून रूपांतरापूर्वी आपोआप सुधारणा बंद करावी, मूळ फाइल अबाधित ठेवावी, आणि जुन्या फॉन्टमध्ये काढलेली कागदी प्रत शेजारी ठेवून रूपांतरित मजकूर ओळीनुसार पडताळावा. कंटाळवाणे काम आहे, यात शंका नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘परी’ या संग्रहातून लोकांपुढे येत आहेत. एवढ्या मोठ्या संग्रहामागे किती जणांनी किती वर्षे ओळीनुसार पडताळणी केली असेल, याची कल्पना तुमच्या पहिल्या पन्नास ओव्या तपासताना येईल.

४.८ स्वाध्याय

तुमच्या घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बंद पडलेला जुना संगणक असल्यास संबंधितांच्या अनुमतीने तो सुरू करून पाहा. पडद्यावर उमटणारा संदेश जसाच्या तसा देवनागरीत लिहा, त्याचा वक्ता साखळीतील कोणता दुवा आहे ते सांगा, आणि तुमच्या निष्कर्षाचे कारण पाच-सहा ओळींत द्या. त्या डिस्कवर मराठी मजकूर मिळाला, तर तो कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद करा. त्यातील रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्य’ असलेले दहा शब्द निवडून रूपांतरापूर्वीचे व नंतरचे रूप शेजारी शेजारी मांडा. संगणक उपलब्ध नसल्यास, तुमच्या गावातील एका वृद्ध स्त्रीकडून पाच ओव्या ऐकून उच्चारानुसार लिहा आणि मोबाइलवरील आपोआप सुधारणा चालू ठेवून त्याच पुन्हा टंकलिखित करा. दोन्ही पाठांत कोणते शब्द बदलले आणि त्या बदलात बोलीचे कोणते वैशिष्ट्य हरवले, याचा तक्ता करून संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणा.